उतरलेले वजन आणि गेलेले बळ

ज्या मनुष्याला उभा जन्म दुसऱ्यांच्या हिशेबांतील उणिवा दाखविण्यासाठीच सरकारने पगार दिला, त्याला आप्तेष्टांनी पाठीमागे ‘आळशी’ ठरवावे, ही गोष्ट विसरू म्हटले तरी मला विसरवत नाही; आणि म्हणूनच वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या व नंतरच्या व्यायामाविषयी चार शब्द लिहावयास बसलो असता, उपदेशापूर्वी माझी स्वतःची कैफियत रुजू करणे मला भाग आहे. पोटाचे ऑपरेशन म्हणजे व्यायामाचा कंटाळा असणाऱ्यांनी पैसे मोजून काढलेली पळवाट, असे माझ्याविषयी बोलणाऱ्यांपैकी एकानेही माझ्याबरोबर एक सकाळ चालून पाहिलेली नव्हती.

माझे वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकले. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, त्या शिस्तीत वाढलेल्या वडिलांनी आम्हां भावंडांना नमस्कार घातल्याशिवाय चहा मिळू दिला नाही. पुढे नोकरीच्या बदल्या, बैठे काम, मधुमेह आणि एका वर्षी दुखावलेला गुडघा यांनी नमस्कार सुटले; चालणे मात्र सुटले नाही. मी राहतो ती एयरोसिटी ही वसाहत नावापुरती चंदीगडची. दप्तरी ती पंजाबच्या साहिबजादा अजितसिंगनगर जिल्ह्यात, म्हणजे मोहालीत मोडते, आणि ‘गमाडा’ या तेथील विकास प्राधिकरणाने ती विमानतळ रस्त्यालगत नव्याने आखली असल्यामुळे चालणाऱ्यास तेथे रुंद व सरळ रस्ते लाभतात. त्या रस्त्यांवर, डोक्यावरून विमानांचा गडगडाट जात असता, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यातही कानटोपी घालून मी वर्षानुवर्षे चाललो. वजन एका किलोने वाढले की पावलागणिक गुडघ्यावर सुमारे चार किलोंचा भार वाढतो, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. तेव्हा स्थूल माणसाचे चालणे हे सडपातळ माणसाच्या चालण्यापेक्षा किती अधिक कष्टाचे असते, याचा अंदाज टीकाकारांनी घरबसल्याही करावयास हरकत नव्हती.

तरी वजन का उतरले नाही? तासभर चालून खर्च होणाऱ्या तीनशेच्या आसपास उष्मांकांची भरपाई लोणी लावलेला एक आलूपराठा सहज करतो, हे खरेच. पण पराठा वर्ज्य केला तरीही शरीर आपले साठवलेले वजन राखण्यासाठी भूक वाढविते आणि खर्च आवरते घेते, ही वस्तुस्थिती अधिक महत्त्वाची आहे. स्लीव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात, त्यात भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने जेथे तयार होते तो भागही जातो, आणि म्हणूनच जे काम निग्रहाने होत नाही ते पुष्कळदा तिने होते. यात आळसाचा संबंध कोठे येतो, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

आता विमा कंपनीची हकीकत. तिचे नाव येथे घेत नाही. आपल्याकडील विमापत्रांत या शस्त्रक्रियेसाठी जी ठरावीक अट असते तिच्यानुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 40 हवा, अथवा 35 असून सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार यांसारखी व्याधी हवी, आणि त्याआधीचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत. 1991 साली अमेरिकेत भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने घालून दिलेला हा आकड्यांचा दंडक 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी स्वतःच सैल केला, आशियाई लोकांच्या बाबतीत तर 27.5 पासूनच विचार व्हावा असे सुचविले. आमच्या विमापत्राला त्याचा पत्ता नव्हता. माझी व्याधी अटीत बसत होती. तरी कंपनीने तगादा लावला तो व्यायामाच्या पुराव्याचा! पहाटे चालावयास निघताना मी कोणाची सही-शिक्का घेऊन निघत नसे, हे उघड आहे. विमा लोकपालांकडे अर्ज करण्याची लेखी सूचना दिल्यावर आणि नेहमीच्या डॉक्टरांनी जुन्या टिपणांच्या नकला काढून दिल्यावर रकमेचा काही भाग मंजूर झाला; उरलेल्यासाठी मी भांडलो नाही, कारण तोवर शस्त्रक्रियेची तारीख येऊन ठेपली होती.

शल्यविशारदांच्या हाताला मी बोल लावणार नाही. काम स्वच्छ झाले. त्याच संध्याकाळी पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून मला दालनात चालविले, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरने श्वासाचा सराव करविला, आणि थोड्याच दिवसांत घरी पाठविले. माझी तक्रार त्यानंतरच्या व्यवस्थेबद्दल आहे. पैसे भरून घेताना ‘एक वर्षाची संपूर्ण देखरेख’ असे छापील पत्रक हाती दिले होते, आहारतज्ज्ञ आणि व्यायाममार्गदर्शक दोघेही त्यात समाविष्ट होते. घरी जाताना मिळालेल्या कागदावर मात्र व्यायामाच्या रकान्यात ‘रोज चालावे’ एवढेच लिहिलेले होते. मी हुकमाचा ताबेदार मनुष्य; लिहिल्याबरहुकूम चाललो. वजन झरझर उतरले, मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आल्या, झोपेत श्वास अडखळू नये म्हणून रात्री तोंडावर लावावयाचे यंत्र कपाटात गेले, आणि ब्लॉकमधील उद्यानात भेटणारे सरदारजी पाठीवर थाप मारून मला तरुण म्हणू लागले.

अशा कौतुकाच्या भरात गणेशचतुर्थी आली. परप्रांतात गणपती म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही उत्सव. पुढच्या खोलीत मंडळी दाटीवाटीने बसली होती, मी पाटावर बसून यथासांग प्राणप्रतिष्ठा केली, आरतीसाठी सर्वजण उभे राहिले, आणि मला उठता येईना. दुखत काही नव्हते. चक्कर नव्हती. मांड्यांना मी आज्ञा देत होतो आणि मांड्या ती मानीत नव्हत्या. वजन ऐन भरात होते त्या काळीही हात टेकून का होईना मी आपला आपण उठत असे. आता कित्येक किलो हलका झालेला मी हात टेकूनही अर्ध्यावर येऊन पुन्हा बसलो. मुलाने काखेत हात घालून मला उभे केले, सुनेने झांजा माझ्या हातात दिल्या, आणि त्याच वेळी एक शेजारी कौतुकाने म्हणाले, “अंकल जी तां बिलकुल फिट हो गए!” त्या वाक्याने माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो त्यांच्यावर नव्हता, हे त्यांना बिचाऱ्यांना कसे कळावे?

दुसऱ्या दिवशी मी त्या रुग्णालयाच्या समुपदेशक बाईंना फोन केला. सारे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, “अंकल जी, वजन तां घट ही रिहा है ना? होर की चाहिदा?” (आणखी काय हवे?) मी व्यायाममार्गदर्शकांचे नाव विचारले, तेव्हा ते सोडून गेल्याचे कळले, नवे कधी येणार, यावर ‘कळवू’ असे उत्तर मिळाले. नंतर कळविले ते एवढेच, की वर्षपूर्तीच्या निमित्ताने त्यांना माझे आधीचे व नंतरचे अशी दोन छायाचित्रे हवी आहेत.

जे त्यांनी सांगावयाचे ते अखेर आमच्याच गल्लीतल्या, फिजिओथेरपिस्ट असलेल्या एका तरुण मुलीने सांगितले. तिने हाताची घडी छातीवर घालावयास लावून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्याची परीक्षा घेतली आणि हाताची पकड मोजली. आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरविलेल्या निकषाप्रमाणे या पाच बैठकांना 12 सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, अथवा पुरुषाची पकड 28 किलोंच्या आणि स्त्रीची 18 किलोंच्या खाली गेली, तर स्नायूंचे बळ खालावल्याची शंका घ्यावयाची असते. मी दोन्हींत नापास झालो. शस्त्रक्रियेनंतर जे वजन उतरते त्यातील बराच हिस्सा, ढोबळमानाने चौथाई, चरबीचा नसून स्नायू व तत्सम ऊतींचा असतो. पोट इवलेसे झाल्यामुळे प्रथिने अपुरी पडली आणि स्नायूंना भाराचे काम मिळाले नाही, तर तो हिस्सा वाढतो. आणि केवळ चालण्याने मांडी-दंडांचे स्नायू राखले जात नाहीत. काटा एकूण रक्कम दाखवितो, ती कोणत्या खात्यातून गेली हे दाखवीत नाही. माझ्यासारख्या लेखापरीक्षकास ही गोष्ट कोणीही एका वाक्यात समजावून देऊ शकले असते.

ज्यांना या वाटेने जावयाचे आहे, त्यांच्यासाठी आता थोडे सविस्तर सांगतो. व्यायामाचा आरंभ शस्त्रक्रियेनंतर करावयाचा, हा समजच खोटा आहे. या विषयाच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेपूर्वीही आठवड्यातून तीन-चार दिवस किमान 20 मिनिटांचा हलका व्यायाम सांगितलेला आहे. त्यासोबत खुर्चीतून हात न टेकता उठणे, भिंतीला तळवे लावून दंड काढणे आणि रबरी पट्टा ओढणे एवढे तरी काही महिने आधी सुरू करावे, आणि स्पायरोमीटर रुग्णालयात हाती येण्याची वाट न पाहता घरीच आणून ठेवावा. खुर्चीच्या परीक्षेचे सेकंद आणि पकडीचे किलो शस्त्रक्रियेआधीच कागदावर नोंदवून घ्यावेत, म्हणजे पुढे तुलना करता येईल. विम्याच्या दृष्टीने डॉक्टरांकडे जाल तेव्हा तेव्हा आपला व्यायाम, आहार आणि वजन त्यांच्या टिपणात तारखेनिशी लिहवून घ्यावे. न लिहिलेला घाम कोणतेही दप्तर ग्राह्य धरीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड उचलावयाचे नाही. यात गॅसचे सिलिंडर येते, पाण्याची बादली येते आणि लाडका नातूही येतो. पोटावर ताण पडतो म्हणून नमस्कारांनाही शल्यविशारदांची अनुमती मिळेपर्यंत हात लावू नये. ती मुदत संपली की मात्र आठवड्यातून दोन-तीन दिवस भाराचा व्यायाम, आणि चालणे वगैरे मिळून निदान 150 मिनिटे, जमल्यास 300 पर्यंत, हे ध्येय ठेवावे. ब्लॉकच्या उद्यानांत जी लोखंडी यंत्रे बसविलेली असतात त्यांवर नुसते झोके घेण्याने हे काम होत नाही, पट्टे किंवा वजने लागतात. प्रथिने दिवसाला 60 ते 80 ग्रॅम पोटात जावयास हवीत. माझ्यासारख्या शाकाहाऱ्याच्या हाती रुग्णालयाने कोंबडीच्या सुपाचा तक्ता दिला होता, शेवटी पनीर, घट्ट दही, मुगाचे धिरडे आणि डाएटिशियनने ठरवून दिलेली पावडर यांवर मी निभावले. बी-12, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसे चालूच ठेवावे, हाडेही झिजत असतात.

पाण्याची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आता घटाघटा पाणी पिता येत नाही, घोट-घोटच प्यावे लागते, त्यामुळे मे-जूनमध्ये इकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा घामाने गेलेले पाणी मागाहून एकदम भरून काढण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून उजाडण्यापूर्वी निघावे आणि बाटली बरोबर असावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुराने जड असेल त्या दिवशी घरातच जिने चढावेत. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या वजन उतरताना डॉक्टरांकडून वरचेवर तपासून कमी करून घ्याव्यात, नाहीतर व्यायाम करताना साखर किंवा दाब एकदम घसरतो. बाकी धीर धरावा, वेळेवर झोपावे, घरच्यांनी साथ द्यावी, हे सर्वजण सांगतातच.

आता पुन्हा त्या टीकाकारांकडे वळतो. राजकीय नेते नितीन गडकरी यांचे उदाहरण माझ्या तोंडावर अनेकांनी फेकले. त्यांनी 2011 साली अशी शस्त्रक्रिया करून घेतली, हे सर्वश्रुत आहे. 2022 मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी आपले वजन पूर्वी 135 किलो होते व आता 93 आहे असे सांगितले, हेही प्रसिद्ध झाले. मधल्या काळात ते प्राणायाम व व्यायाम करीत राहिल्याचे स्वतःच सांगत आले आहेत. आमच्या आप्तांना त्यातील शस्त्रक्रिया तेवढी आठवते, किंवा व्यायाम तेवढा आठवतो, कोणत्या बाजूने टोचावयाचे आहे त्यावर ते अवलंबून.

त्या मुलीच्या देखरेखीखाली पट्टे ओढू लागल्यापासून मी पाटावरून पुन्हा आपला आपण उठतो. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एवढे जरूर करावे, की तिसऱ्या महिन्यानंतर व्यायाम कोण शिकविणार, स्नायूंचे बळ कोण मोजणार आणि किती वेळा, हे नाव-तारखेसह लिहून मागावे. लिहून देण्यास कां-कूं झाली तर पैसे खिशात ठेवून दुसरे रुग्णालय पाहावे. रुग्णालयाकडून छायाचित्रांसाठी अजूनही फोन येतात. ती मी दिलेली नाहीत आणि देणारही नाही.