दोष नावातच आहे!

मशीनमध्ये बिघाड झाला की आपण मॅन्युअल उघडतो, सरांना विचारतो. पण स्वतःच्या शरीराबद्दल शंका आली तर? गपचूप बसतो. फार तर रूममेटला विचारतो, आणि त्यालाही आपल्याइतकंच माहीत असतं!

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गच्चीवर झोपलो होतो. दहावीतला मामेभाऊ हळूच म्हणाला, "दादा, मला मोठा आजार झालाय. आईला सांगू नकोस." झोपेत वीर्य जातं, म्हणजे आपली ताकद संपत चालली, असं त्याने धरलं होतं. भिंतीवरची 'गुप्तरोग' जाहिरात वाचून क्लासच्या फीतल्या पैशांनी त्याने पुड्या आणल्या होत्या. चार महिने जेवण कमी, अभ्यासात लक्ष नाही.

आणि मी काय केलं? हसलो! तो कूस बदलून गप्प झाला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी माफी मागितली आणि त्याला सरकारी रुग्णालयातल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी अशी समुपदेशनाची सोय आहे. तिथल्या ताईंनी आधी मलाच बाहेर बसवलं. परत येताना भाऊ म्हणाला, "त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं?" मग त्यांनी समजावलं की वीर्य शरीरात तयार होतच राहतं, झोपेत ते बाहेर पडणं या वयात नैसर्गिक आहे, त्याने अशक्तपणा येत नाही. पुड्या मात्र बंद! लघवीला जळजळ, पू, जखम किंवा दुखणं असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवायचं.

गंमत बघा, या साध्या गोष्टीला आपण नाव काय दिलं? स्वप्न'दोष'! नावातच दोष, मग पोरगं घाबरणार नाही तर काय? ही भीती इतकी जुनी आणि सर्रास, की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. पाळीला 'विटाळ' म्हटलं की मुलींचंही हेच होतं.

या विषयावर मराठीत उघड बोलणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, पण मासिक १९५३ पर्यंत चालू राहिलं.

आपल्याला कोर्टात जायचं नाही, फक्त नीट बोलायचंय. त्यासाठी एवढं लक्षात ठेवा:

१. हसू नका, उपदेशही नको. आधी पूर्ण ऐका.
२. अवयवांची, क्रियांची सरळ नावं घ्या.
३. माहीत नसेल तर "माहीत नाही, विचारू या" म्हणा.
४. सांगितलेलं चारचौघांत फोडू नका. पण कोणी त्याच्यावर जबरदस्ती करत असेल, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाची मदत घ्यावीच लागते, हेही त्याला सांगा.

भाऊ आता पोटभर जेवतोय. परवा त्याचा फोन आला, "दादा, वर्गातल्या एकाला पण तेच टेन्शन आहे. मी त्याला सांगितलं." तो हसला नाही म्हणे!