कुकीचा कारभार आणि मधला दुभाषी

'बाइंडिंग' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सबमिशनची आदली रात्र, झेरॉक्सच्या दुकानासमोरची रांग, काळं रेक्झिन आणि त्यावरची सोनेरी अक्षरं! हा लेख त्या बाइंडिंगवर नाही. एका प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली लायब्ररी दुसऱ्या भाषेतून वापरता यावी म्हणून मध्ये जो थर लिहितात, त्यालाही बाइंडिंगच म्हणतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये मी ब्राउझरच्या कुकी मॅनेजरसाठी असं बाइंडिंग लिहायला घेतलं. त्यात चार चुका केल्या. पहिल्या तीन चुकांनी फक्त प्रोग्राम बंद पडला, चौथीनं एक चांगला मित्र दुखावला. तुमच्यापैकी कुणी या वाटेनं जाणार असेल, तर त्याच खड्ड्यात पडू नये एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

कुकी म्हणजे बिल्ला

माझं गाव अजिंठा. घाट उतरलं की फर्दापूर, आणि तिथून जवळच लेणी. माझे मामा लेण्यांवर गाईड आहेत. सुट्टीत गेलो की त्यांच्याबरोबर एक तरी चक्कर होतेच. पर्यटक आपली जड बॅग सामान ठेवायच्या काउंटरवर देतो आणि नंबराचा बिल्ला घेतो. काउंटरवरचा माणूस दिवसभरात इतके चेहरे बघतो की तुमचा चेहरा लक्षात राहणं शक्यच नाही. तो फक्त बिल्ला बघतो आणि त्या नंबराची बॅग काढून देतो.

वेब सर्व्हरचं अगदी असंच आहे. एचटीटीपी हा विसरभोळा प्रोटोकॉल. एक पान मागितलं, मिळालं, विषय संपला. दुसरं पान मागणारा तोच माणूस आहे की वेगळा, हे त्याला कळत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली. 'मॅजिक कुकी' हा शब्द युनिक्सवाल्यांमध्ये आधीपासून होता, त्यावरून हे नाव आलं. सर्व्हर उत्तराबरोबर 'सेट-कुकी' या हेडरमधून एक छोटासा मजकूर पाठवतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि त्याच साइटला पुढच्या प्रत्येक वेळी परत दाखवतो. २०११ च्या आरएफसी ६२६५ प्रमाणे ब्राउझरनं एका कुकीला निदान ४०९६ बाइट आणि एका डोमेनसाठी निदान ५० कुकी एवढी जागा द्यावी अशी अपेक्षा आहे.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ज्याच्या हातात बिल्ला, त्याला बॅग मिळते. बिल्ला कुणाचा होता, हे काउंटर विचारत नाही.

कुकी मॅनेजर काय करतो?

आम्ही वापरलं ते वेबकिटजीटीके. वेबकिट हे इंजिन २००१ मध्ये ॲपलनं केडीईच्या केएचटीएमएलवरून सुरू केलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. लिनक्सवर जीटीकेबरोबर चालणारं त्याचं रूप म्हणजे वेबकिटजीटीके. ग्नोमचा एपिफनी ब्राउझर याच्यावरच चालतो. आत सगळं सी प्लस प्लस आहे, पण बाहेरच्यांसाठीची खिडकी साध्या सी भाषेत ठेवली आहे. त्या खिडकीतला एक ऑब्जेक्ट म्हणजे कुकी मॅनेजर. त्याची कामं थोडक्यात अशी:

१. कुकी घ्यायच्या की नाही ते ठरवणं. सगळ्या घ्या, एकही घेऊ नका, किंवा तिऱ्हाईत साइटच्या सोडून बाकी घ्या, असे तीन पर्याय आहेत.
२. एखाद्या पत्त्याच्या कुकी मागणं, नवीन घालणं, एखादी काढून टाकणं.
३. कुकी डिस्कवर कायम ठेवायच्या असतील तर फाइल कुठली आणि ती साध्या टेक्स्टची की एसक्यूलाइटची, हे सांगणं. आपण सांगितलं नाही तर तो डिस्कवर काही ठेवत नाही.
४. कुकींमध्ये काही बदल झाला की 'चेंज्ड' असा सिग्नल देणं.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे हॉस्टेलच्या रीडिंग रूममधल्या सामाईक कॉम्प्युटरसाठी एक साधा ब्राउझर. फॉर्म भरा, मेल बघा, उठा. लिहायचा पायथनमध्ये, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांना तेवढंच येत होतं. आता पायथन आणि सी यांच्यात दुभाषी हवा. तयार दुभाषी मिळतो हे मला ठाऊक होतं. पण म्हटलं, व्हायव्हाला 'स्वतः काय केलं?' विचारलं तर? म्हणून सीटाइप्स घेऊन हातानं बाइंडिंग लिहायला बसलो.

चूक पहिली: परत आलेली वस्तू ओळखलीच नाही

सीटाइप्सला सांगितलं नाही तर ते धरून चालतं की सीचं प्रत्येक फंक्शन 'इंट' परत करतं. इंट ३२ बिटांचा. आपल्या आजच्या मशीनवर पॉइंटर ६४ बिटांचा. मी कुकी मॅनेजर मागितला, त्यानं पूर्ण पत्ता दिला आणि माझ्या बाइंडिंगनं अर्धाच घेतला. अर्ध्या पत्त्यावर पत्र टाकलं तर काय होणार? सेगमेंटेशन फॉल्ट! उपाय सोपा आहे. प्रत्येक फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं, ते दोन्ही स्पष्ट लिहायचं. कंटाळा करायचा नाही.

चूक दुसरी: उत्तर येईपर्यंत थांबलो नाही

वेबकिटमध्ये पान दाखवणारी प्रोसेस वेगळी आणि नेटवर्क बघणारी वेगळी. कुकी नेटवर्कवालीकडे असतात. त्यामुळे 'कुकी दे' म्हटलं की लगेच हातात पडत नाहीत. आपण एक कॉलबॅक फंक्शन द्यायचं, उत्तर आलं की ते बोलावलं जातं. मी कॉलबॅक दिला, पण एका फंक्शनच्या आत तयार करून. ते फंक्शन संपलं, पायथनला वाटलं आता हा कॉलबॅक कुणाला नको, आणि त्यानं तो मोडीत काढला. थोड्या वेळानं सी उत्तर घेऊन त्या पत्त्यावर गेलं तर तिथं कुणीच नाही. पुन्हा तोच फॉल्ट. सीटाइप्सच्या माहितीपुस्तिकेत याचा इशारा दिलेला आहे. तो मी नंतर वाचला, हे सांगायला नकोच! जोवर सीला कॉलबॅक लागणार आहे, तोवर आपण तो कुठंतरी धरून ठेवायचा.

चूक तिसरी: कुणाचं काय ते कळलं नाही

कुकी मागितल्या की एक यादी मिळते. ही यादी आणि तिच्यातली प्रत्येक कुकी मागणाऱ्याच्या मालकीची होते. काम झालं की मोकळी करणं ही आपली जबाबदारी. मी ती केली नाही. ब्राउझर दिवसभर चालू राहिला की मेमरी हळूहळू भरत जायची. हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. जे हाताला लागेल ते मोकळं करायला लागलो, त्यात कुकी मॅनेजरलाही सोडला. पण तो आपल्या मालकीचा नसतोच. तो नेटवर्क सेशनचा, आपल्याला नुसता वापरायला दिलेला. लोकांची वस्तू मोडीत घातल्यावर जे व्हायचं ते झालं.

दिवाळीच्या सुट्टीत मामांनी विचारलं, "काय रे, काय चाललंय कॉलेजात?" मी जमेल तसं सांगितलं. ते मला सोळा नंबरच्या लेण्याशी घेऊन गेले आणि बाहेरच्या भिंतीवरचा शिलालेख दाखवला. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, त्यानं पाचव्या शतकात हे लेणं कोरवून भिक्षुसंघाला दिलं, अशी त्यात नोंद आहे.

"कुणी दिलं आणि कुणाला दिलं, दोन्ही लिहून ठेवलंय बघ," मामा म्हणाले. "तुमच्यात लिहीत नाहीत का?"

लिहितात की! मीच वाचलं नव्हतं. या लायब्ररीत प्रत्येक फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये दानलेखासारखी नोंद असते. 'ट्रान्सफर फुल' म्हणजे वस्तू आता तुमची, सांभाळा आणि मोकळी करा. 'ट्रान्सफर नन' म्हणजे फक्त बघायला आणि वापरायला दिली आहे, हात लावू नका. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन नावाची व्यवस्था या नोंदी गोळा करते आणि त्यांच्यावरून पायथन, जावास्क्रिप्ट, रस्ट, हॅस्केल अशा भाषांची बाइंडिंग बरीचशी आपोआप तयार होतात. पायथनसाठी याचंच नाव पायजीऑब्जेक्ट. सुट्टीहून आल्यावर मी माझं हातानं लिहिलेलं बाइंडिंग बाजूला ठेवलं आणि ते घेतलं. पॉइंटरची रुंदी, कॉलबॅक, मालकी, तिन्ही कटकटी गेल्या. ब्राउझर रीडिंग रूममध्ये लागला. मुलं वापरायला लागली. आम्ही खूश!

चूक चौथी

आमच्याच विंगमधला एक मित्र. नाव लिहीत नाही. एका रात्री त्यानं त्या कॉम्प्युटरवर मेल उघडली, काम झाल्यावर लॉगआउट न करता खिडकी बंद केली आणि झोपायला गेला. सकाळी एक ज्युनिअर बसला. त्यानं तीच मेल साइट उघडली तर पासवर्ड न विचारता समोर मित्राचा इनबॉक्स. सगळ्यात वर बँकेचं पत्र होतं, वडिलांच्या थकलेल्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल. ज्युनिअर वाईट मुलगा नव्हता, त्यानं घाबरून दोघांना बोलावून दाखवलं. दुपारपर्यंत मेसमध्ये सगळ्यांना माहीत. ही गोष्ट मित्रानं आम्हा रूममेट्सनाही कधी सांगितली नव्हती.

झालं होतं असं. टेस्टिंग करताना दरवेळी लॉगिन करायचा मला कंटाळा यायचा, म्हणून मी एक ओळ घातली होती: कुकी या फाइलमध्ये कायम ठेव. ती ओळ काढायची राहिली. कॉम्प्युटरवर सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं, म्हणून फाइलही सगळ्यांची एकच. तीही साध्या टेक्स्टची, कुणीही उघडून वाचावी अशी. ज्या कुकीला मुदतीची तारीख नसते ती ब्राउझर बंद झाला की संपते. पण मेलवाल्यांच्या 'मला लक्षात ठेवा' कुकीला लांबची तारीख असते, ती फाइलमध्ये उतरली. बिल्ला काउंटरवर तसाच पडून राहिला आणि सकाळी जो आला त्याच्या हाती लागला.

गंमत म्हणजे बाइंडिंगमध्ये या वेळी काडीचीही चूक नव्हती. मी म्हटलं 'कायम ठेव', त्यानं ते सीला बिनचूक सांगितलं, सीनं बिनचूक ठेवलं. दुभाष्यानं शब्द पोचवले. ती कुकी कुणाची, हे विचारायचं काम माझं होतं. मेमरीतल्या यादीची मालकी मी महिनाभर शोधत होतो आणि ज्याची मालकी खरोखर महत्त्वाची, तिचा विचारच केला नव्हता.

मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मग काय केलं?

१. फाइलवाली ओळ काढली आणि सेशन 'इफेमेरल' केलं. म्हणजे कुकी फक्त मेमरीत, डिस्कवर काही नाही. अशा सेशनमध्ये कायम ठेवण्याचं फंक्शन बोलवायचंच नसतं, हेही माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे.
२. प्रत्येक मुलासाठी नवं सेशन. 'माझं झालं' हे बटण दाबलं किंवा दहा मिनिटं कुणी काही केलं नाही, की जुनं सेशन बंद.
३. जुनी फाइल पुसली. पण फक्त पुसून भागत नाही, हे नीट समजून घ्या. आपण आपल्याकडचा बिल्ला फेकला तरी काउंटरच्या वहीत तो नंबर चालूच असतो. त्याची कुणी नक्कल करून ठेवली असेल तर ती चालेल. म्हणून ज्यांनी ज्यांनी तो कॉम्प्युटर वापरला होता, त्या सगळ्यांना नोटीस लावून सांगितलं की आपापल्या खात्यात जाऊन 'सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट' करा आणि पासवर्ड बदला. नोटिशीत चूक माझी आहे हेही लिहिलं. लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं.

ज्युनिअर मित्रांनो, कुठल्याही लायब्ररीचं बाइंडिंग लिहाल किंवा दुसऱ्यानं लिहिलेलं वापराल, तेव्हा प्रत्येक फंक्शनसमोर वहीत तीन रकाने आखा. वस्तू काय आहे, ती कुणाची आहे, आणि कधीपर्यंत. पहिल्या रकान्याची काळजी कंपायलर किंवा दुभाषी घेईल. बाकीच्या दोन्हींत फक्त पॉइंटरचा मालक लिहू नका, माणसाचंही लिहा. आणि व्हायव्हाची भीती बाळगू नका. मला एक्स्टर्नलनी 'स्वतः काय केलं?' हेच विचारलं, तेव्हा मी या चारही चुका सांगितल्या. पुढचा सगळा वेळ त्यावरच बोलणं झालं.

नवीन ब्राउझर लावला त्या रात्री तो मित्र स्वतःहून रीडिंग रूममध्ये आला. माझ्याकडे न बघता बसला. मेल उघडली, लॉगआउट न करता खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. समोर कोरा लॉगिनचा रकाना. असं त्यानं तीनदा केलं. मग उठला आणि म्हणाला, "चल, चहाला."