नवे गाणे येते कोठून?

आपल्या वार्षिकांत संगीतावर जे लेख येतात ते बहुधा जुन्या संगीतावर असतात. बालगंधर्वांवर लिहिणे सोपे, कारण त्यांच्याविषयीचे मत आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी ठरवून ठेवले आहे. नव्या गाण्यांविषयी लिहावयाची वेळ आली की आपण नाक तरी मुरडतो किंवा टाळ्या तरी पिटतो, अभ्यास मात्र करीत नाही. तेव्हा आज बाहेर पडणाऱ्या गाण्यांकडे, मग ती नामवंतांची असोत की कोणी घरात बसून केलेली असोत, अभ्यासाच्या दृष्टीने पाहता येते का, एवढेच प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

मी वेरूळचा. गाव ते शहर सुमारे तीस किलोमीटर अंतर एस.टी.ने रोज कापतो. त्या तासाभरात बसमध्ये जे कानांवर पडते ते कोणत्याही संगीतसभेत एकत्र ऐकू यावयाचे नाही. मागच्या बाकावर संजू राठोड यांची ‘गुलाबी साडी’, मधल्या बाकावर भीमगीत, कोणाच्या तरी पिशवीतल्या मोबाइलवर पंडित भीमसेन जोशींचा अभंग, आणि खुलताबादला चढलेल्या प्रवाशांपैकी एखाद्याकडे कव्वाली. हे सगळे एकाच चिमुकल्या यंत्रातून येते, म्हणून ते एकाच जातीचे आहे असे वाटू लागते. ते तसे नाही. प्रत्येक गाणे ज्या भांड्यातून आपल्यापर्यंत आले त्या भांड्याचा आकार त्याला आलेला आहे.

हा मुद्दा मला पुस्तकात नव्हे, आमच्या गावच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात समजला. चौतीस लेण्यांतील हे चैत्यगृह. त्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. तेथे कोणी एक स्वर लावला की तो पुष्कळ वेळ घुमत राहतो. संथ, दीर्घ स्वरांत म्हटलेले वचन तेथे भारदस्त होते. तेच भरभर बोलून पाहावे, तर पहिला शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि सगळा गलका होतो. म्हणजे त्या वास्तूत कसे गावे हे काही अंशी त्या वास्तूनेच ठरविलेले आहे. पॉल हॉर्न या अमेरिकन बासरीवादकाने १९६८ साली ताजमहालात जाऊन वादन ध्वनिमुद्रित केले तेही याच घुमाऱ्यासाठी. आता हा घुमारा विकत मिळतो. मोबाइलवर गाणे मुद्रित करा, एक कळ दाबा, की दहा बाय दहाच्या खोलीत गायलेले गाणे लेण्यात गायल्यासारखे ऐकू येते. आजच्या पुष्कळ नव्या भक्तिगीतांना हा उसना घुमारा इतका लावलेला असतो की शब्द त्यात बुडून जातात. कान तयार करावयाचा असेल तर आधी ही गोष्ट ओळखावयास शिकले पाहिजे.

आता ध्वनिमुद्रणाच्या भांड्यांकडे वळू. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गायसबर्ग हे १९०२ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी ज्या कलावंतांचे गाणे मुद्रित केले त्यांत गौहरजान होत्या. त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांत गाणे संपताच त्या स्वतःचे नाव पुकारतात. त्यामागील कारण साधे होते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथील कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, एवढ्यासाठी ही घोषणा. त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर राग आळवणाऱ्या गवयाला तेवढ्यात काय सांगता येणार? तरीही खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्यासारख्यांनी त्या तीन मिनिटांत अख्ख्या रागाचे सार उतरविले. मला मात्र अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. मराठी भावगीत जणू त्या तीन मिनिटांसाठीच जन्मास आले. १९३०च्या दशकाच्या आरंभी नागपूरकडचे गायक गो. ना. जोशी यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायिली आणि ती घरोघर गेली. मुखडा, दोन-तीन अंतरे, मध्ये थोडे वाद्यसंगीत, ही जी भावगीताची बांधणी आपण ‘स्वाभाविक’ समजतो ती तबकडीच्या मापाने बेतलेली आहे. भावगीताच्या काव्यगुणांवर प्रबंध झाले, त्याच्या लांबीवर मात्र कोणी फारसे बोलत नाही, याचे मला नवल वाटते.

पुढे दीर्घवादन तबकडी, म्हणजे एल.पी. आली. एका बाजूस वीसेक मिनिटे मिळू लागताच गाण्यांचा संच ही कल्पना रुजली. १९६८ साली आलेला ‘अभंग तुकयाचे’ हा त्याचा उत्तम नमुना. संत एक, संगीतकार श्रीनिवास खळे, स्वर लता मंगेशकरांचा. एका अभंगामागून दुसरा कोणता, हाही तेथे रचनेचा भाग झाला. आज आपण त्यातला एकच अभंग वेगळा काढून ऐकतो, आणि त्याच्यामागून यंत्राला वाटेल ते गाणे लागते. याने अभंगाचे नुकसान होत नाही, संचाचे होते.

परंतु आमच्या मराठवाड्याच्या दृष्टीने खरी उलथापालथ केली ती कॅसेटने. तबकडी वाजविण्यास महाग यंत्र लागे आणि तबकडी काढणे तर मोजक्या कंपन्यांच्याच हाती. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि दोन खणांचा टेपरेकॉर्डर असलेला बाजारातला कोणताही दुकानदार जणू प्रकाशक बनला. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांचा उत्तर भारतातील या घडामोडीवरील ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात हाच प्रकार भीमगीते, भारुडे, कोळीगीते आणि लोकगीते यांच्या बाबतीत घडला. आंबेडकरी जलशांची परंपरा त्यापूर्वीची, वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव गात हिंडले ते पायांच्या आणि कंठाच्या बळावर. कॅसेटने त्या परंपरेला वस्तीवस्तीत आणले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांत जितका सहज तितकाच भीमगीतांत आणि कव्वालीत, आणि ऐकणाऱ्यांनाही त्यात काही विसंगत वाटले नाही. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या ‘पोपटा’ने तर त्या दशकात लग्नाच्या वरातीच काबीज केल्या. नाके मुरडणारे तेव्हाही होतेच.

कॅसेटच्या काळातील एक गोष्ट आजच्या अभ्यासास फार उपयोगी आहे. ‘नवे’ गाणे केव्हा निघे? भीमगीतांच्या नव्या कॅसेटी १४ एप्रिलच्या आधी, विठ्ठलाच्या आषाढीच्या आधी, गणपतीच्या भाद्रपदापूर्वी, देवीच्या नवरात्राच्या तोंडावर. जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ सालच्या जुलैपासून शुक्रवार हा नव्या संगीताचा वार ठरवून घेतला आहे. आमच्याकडे मात्र अजूनही वार नव्हे, तिथी चालते. वेरूळास घृष्णेश्वर असल्याने महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार यांच्या आधी महादेवाची नवी गाणी यावयास लागतात. शेजारी खुलताबादला उरुसाच्या सुमारास कव्वाल्या. तेथील बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) हे समा-श्रवणाचे एवढे भोक्ते होते की त्यांच्या शिष्यांच्या भावनृत्यास त्यांच्याच नावाने ओळखीत. आणि एप्रिलात तर सगळ्याच वस्त्यांत भीमगीते. चार-पाच किलोमीटरांच्या परिघात नव्या गाण्यांची ही तीन पंचांगे एकाच वेळी चालतात. मुंबईच्या वृत्तपत्रांतील नव्या गाण्यांच्या परीक्षणात यांपैकी एकही सापडत नाही, कारण परीक्षक शुक्रवार पाहून लिहितो.

आता आजच्या घडीस या. एकीकडे प्रस्थापितांचे वैभव आहे. अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) साठी लॉस एंजेलिस येथे सिंफनी वाद्यवृंद वापरला आणि तरीही त्या संगीताने अकलूज-करमाळ्याकडची माती सोडली नाही. दुसरीकडे कोणत्याही चित्रपटाचा आधार नसलेले स्वतंत्र कलावंत आहेत. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड स्वतः लिहून स्वतः गातात. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेली त्यांची ‘गुलाबी साडी’ मराठी न समजणाऱ्यांनीही नाचून घेतली. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या एका नृत्यसंगीत कंपनीने प्रसृत केले. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गाणाऱ्या तरुणांनी आरेच्या जंगलासाठी वारली गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. रॅप म्हटले की परकीय असे आपल्यातील काही प्राध्यापकांना वाटते. पण पोवाड्यात शाहीर जी गद्यासारखी भरधाव शब्दफेक करतो ती ज्याने ऐकली त्याला यात परके काय वाटावे? आणि आमच्याच छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात. हाती एकतारी घेऊन गाणाऱ्या या बाईंचे भीमगीत सर्वदूर गेले ते कोणा कॅसेट कंपनीच्या दारातून नव्हे, मोबाइलवर काढलेल्या चित्रफितींतून. त्या आवाजाला उसना घुमारा लागत नाही.

तर मग सगळी दारे उघडली, असे म्हणावे काय? माझे मत निराळे आहे. पूर्वी दार होते स्टुडिओचे, आत शिरणे कठीण. आज आत शिरणे सोपे, पण आत गेल्यावर कोणाचे गाणे कोणापुढे ठेवावयाचे हे एक यंत्र ठरविते. आणि त्याहून गंभीर बाब नावाची आहे. आमच्या गावच्या भजनी मंडळाने एका महाशिवरात्रीस रात्रभर भजन केले. बाहेरगावच्या कोणी तरी त्याची चित्रफीत काढली आणि स्वतःच्या नावाच्या पट्टीखाली ती प्रसृत केली. मंडळाचे, गायकाचे, गावाचे, कोणाचेच नाव त्यावर नाही. मंडळातील म्हाताऱ्यांना मी हे दाखविले तेव्हा ते म्हणाले, “देवाचं गाणं हाय बाबा, आपलं नाव कशापायी?” त्यांचा भाव मोठा आहे हे मान्य. पण त्यांच्याच शेजारी बसलेला पखवाजी काही बोलला नाही. त्याचे घर सुपाऱ्यांवर चालते. ती चित्रफीत पाहून कोणाला तो पखवाज आवडला, तरी सुपारी द्यावयास यावे कोणाकडे?

येथे कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली, आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंताला आपल्या कलेशी आपले नाव जोडले जाण्याचा हक्कही मिळाला. पारंपरिक चाल कोणाच्याच मालकीची नसते. परंतु ती चाल ज्याने मुद्रित केली त्याचा त्या मुद्रणावर साठ वर्षे हक्क राहतो. त्यामुळे होते असे, की तीच जुनी चाल दुसऱ्या मंडळाने गाऊन चढविली तर स्वयंचलित तपासणी तिला कधी कधी ‘चोरी’ ठरविते. म्हणजे जे सर्वांचे ते पहिल्या मुद्रकाचे! कायदा असे म्हणत नाही, यंत्र म्हणते, आणि यंत्रापुढे आमच्या मंडळाने वकील कोठून आणावा?

याच्या उलट उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. हा संग्रह २०१७ पासून लोकांपुढे येऊ लागला तो गाणारणीच्या नावासह, गावासह. जात्यावर बसणाऱ्या बाईलाही नाव असते हे त्या संग्रहाने कागदावर आणले. याला मी ‘नवे गाणे’च म्हणतो, मग ओवी कितीही जुनी असो.

या विचारातून आम्ही काही विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात एक नोंदवही सुरू केली आहे. आपल्या तालुक्यांत निघालेले प्रत्येक नवे गाणे तीत लिहावयाचे: गाणारा, वाजविणारे, शब्द कोणाचे, चाल कोठली, कोणत्या सणासाठी, कशावर मुद्रित केले आणि पैसे कोणाला मिळाले. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रेघ आहे. मंडळांना आम्ही एवढेच सांगतो की मुद्रणाच्या आरंभी गाव, तारीख आणि सर्वांची नावे मोठ्याने म्हणावीत. पट्टी कापता येते, पण आवाजातले नाव कापावयाचे तर गाणेही थोडे कापावे लागते. पखवाज्याने ते लगेच मानले. म्हातारे अजून नामाच्या गजरानंतर स्वतःचे नाव घ्यावयास लाजतात. वही मराठी विभागाच्या कपाटात ठेवलेली आहे. कन्नड, फुलंब्री, वैजापूरकडच्या मित्रांची पाने अद्याप कोरीच आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर नोंदी आणाव्यात.