परसातील शेड : आधी जोते, मग छप्पर

व्यापारी व कारागीर बांधवांनो, जागेच्या टंचाईमुळे आपल्यापैकी अनेकजण घराच्या परसात पत्र्याची शेड उभारून माल ठेवतात. लक्ष सारे पत्र्याकडे असते. पण मढसारख्या गावात, जिथे एका अंगाला समुद्र व दुसऱ्या अंगाला खाडी आहे, तिथे जमिनीची ओल हाच खरा शत्रू. पत्रा गळला तर लगेच दिसतो. खालून चढणारी ओल गठ्ठा उघडल्यावरच कळते. खळ लावलेल्या कोऱ्या कापडाला बुरशी लवकर धरते, कारण खळ हे बुरशीचे अन्नच आहे. म्हणून पैसा आधी जोत्यात घालावा.

जोत्याची उंची : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी आपल्या आवारात पाणी कुठवर चढले होते ते जुन्या रहिवाशांना विचारावे व त्या खुणेच्या अर्धा फूट तरी वर जोते घ्यावे.

पाया : भुसभुशीत भराव काढून पक्का थर लागेपर्यंत चर खणावा आणि दगड किंवा जांभा सिमेंटमध्ये बांधून जोते उचलावे. लाकडी खांब मातीत गाडू नयेत. वाळवी तिथूनच चढते.

जमीन : शेणाने सारवलेली जमीन स्वस्त, पण कापडाच्या कामाची नाही. मुरुमावर नुसती शहाबादी फरशी बसवली तर सांध्यांतून ओल येते. उत्तम उपाय असा : मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोकावा, त्यावर दगडी सोलिंग, वर चुरीचा पातळ थर, मग जाड प्लास्टिकचा अखंड कागद आणि त्यावर ४ इंच काँक्रीट. प्रमाण १:२:४ ठेवावे. १० बाय १२ फुटांच्या शेडला सिमेंटच्या सात-आठ गोणी लागतात. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळाली तरी वापरू नये; तिच्यातील क्षार ओल धरतात व लोखंड गंजवतात. काँक्रीट आठ-दहा दिवस ओले ठेवावे. काम पावसाळ्यापूर्वी उरकावे.

परीक्षा : जमीन सुकल्यावर दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. खाली थेंब दिसले तर माल भरू नये. जमीन कोरडी असली तरी गठ्ठे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचावेत.

परवानगी : किनारपट्टीच्या बांधकामावर १९९१ पासून सागरी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत; २०१९ मध्ये त्यांची नवी अधिसूचना निघाली. पहिली कुदळ मारण्यापूर्वी महापालिकेच्या विभाग कार्यालयात चौकशी करावी. बेकायदा शेड तुटली तर जोत्यासह सारा खर्च बुडतो.

शेडमधला माल बहुधा आपला एकट्याचा नसतो. कुणाचा उधारीचा, कुणाचा कारागिरीसाठी दिलेला. तो अमानत आहे. तवक्कुल जरूर करावा, पण आपल्या हातची खबरदारी घेऊन. इन्शाअल्लाह, मालही टिकेल आणि बाजारातली पतही.