आधी पाण्याला वाट, मग भिंतीला रंग

घराच्या डागडुजीचा विषय आपल्याकडे दोनच वेळा निघतो. एकदा दिवाळी तोंडावर आली की, आणि एकदा घरात लग्न ठरलं की. दोन्ही वेळा पैसा जातो रंगावर. हजार चौरस फुटांचं घर आतून-बाहेरून बऱ्यापैकी रंगवायचं तर मजुरीसकट पन्नास ते ऐंशी हजार सहज लागतात. गच्ची गळकी असेल तर त्याच भिंतीला पुढच्या श्रावणात पोपडे धरतात. परभणी जिल्ह्यात घर बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि पाणी जागच्या जागी ठेवायचा खर्च रंगाच्या खर्चापेक्षा कमी असतो. म्हणून इथे रंगाचा हिशेब जवळजवळ नाहीच.

पुढचे सगळे आकडे ढोबळ आहेत. गवंड्याची हजेरी आठशे ते हजार, बिगाऱ्याची पाचशेच्या आसपास, असं धरून ते काढले आहेत. जिंतूर आणि पालम इथले दर सारखे नसतात, आणि मे महिन्यातला दर फेब्रुवारीतल्या दरापेक्षा चढाच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. कुणी त्याआधीचं अंदाजपत्रक पुढे करत असेल तर नवं मागून घ्या.

गच्ची

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं. शेतकऱ्याला हा आकडा पाठ असतो, पण घराच्या बाबतीत तो कुणी लावून पाहत नाही. २० बाय ३० फुटांच्या, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३,६०० लिटर पाणी. एवढं सगळं पाणी एखाद-दुसऱ्या पाइपच्या तोंडातून उतरायचं असतं, आणि त्या तोंडाशी लिंबाचा पाला, पतंगाचा कागद आणि कबुतराचं घरटं बसलेलं असतं. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला जिल्ह्यात जो पाऊस कोसळला, तशा पावसात तुंबलेल्या गच्चीचं तळं व्हायला वेळ लागत नाही.

पहिलं काम बिनपैशाचं आहे: गच्ची झाडणं आणि पाइपचं तोंड मोकळं करणं. मृगाआधी एकदा, मग पावसाळाभर पंधरा दिवसांतून एकदा. तोंडावर बसवायची जाळी शंभर-दोनशे रुपयांत मिळते.

मग भेगा. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो सांधा आधी पाहा. बहुतेक गळती तिथूनच सुरू होते, स्लॅबच्या मधोमध नाही. हा सांधा खरवडून, भेग भरून, तिथे सिमेंटचा गोलसर उतार काढून घ्यायला गवंड्याचे एक-दोन दिवस जातात. सामानासकट तीन ते पाच हजारांत काम होतं.

वरून वॉटरप्रूफिंगचा लेप द्यायचा असेल तर चौरस फुटाला पंचवीस ते पन्नास रुपये सांगतात, म्हणजे ६०० फुटांना पंधरा ते तीस हजार. चांगला लेप चार-पाच वर्षं टिकतो. याच कामात ग्राहक सगळ्यात जास्त फसतो, कारण लेपात किती पाणी मिसळलं हे नंतर ओळखता येत नाही. डब्यावर एका लिटरमध्ये किती फूट बसतात ते छापलेलं असतं. त्यावरून किती डबे लागतील ते आधी काढा, तेवढे सीलबंद डबे स्वतः विकत आणा आणि कारागिराला फक्त मजुरी द्या. संध्याकाळी रिकामे डबे मोजायचे. कारागीर रुसला तर रुसू द्या.

लेपाऐवजी विटांच्या तुकड्यांचा कोबा करायचा सल्लाही मिळतो. त्याला फुटाला शंभर-दीडशे रुपये पडतात आणि तो टिकतोही जास्त. पण त्याचं वजन मोठं असतं. तीस-चाळीस वर्षांच्या स्लॅबवर, तेही खालून सळया दिसत असताना, अभियंत्याला विचारल्याशिवाय तो चढवू नये.

सळया दिसेपर्यंत थांबलेल्यांसाठी हिशेब वेगळा आहे. सळई गंजली की ती फुगते, आणि तिच्या फुगण्याने खालचं काँक्रीट सुटून पडतं. छताला खालून काठीने ठोकून पाहा. भरीव छत टणक वाजतं, सुटलेला भाग डबडब वाजतो. तेवढा भाग फोडून, सळया घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या गिलाव्याने भरायला चौरस फुटाला दोनशे ते साडेतीनशे लागतात. दीडशे फूट छत खराब झालं तरी तीस ते पन्नास हजार झाले. सगळी स्लॅब पाडून नवी टाकायची वेळ आली तर दोन-अडीच लाख धरा. महिना-दीड महिना दुसरीकडे भाड्याने राहायचा खर्च त्यात नाही.

जोत्याभोवतीचे तीन फूट

गच्चीकडे निदान लक्ष तरी जातं. जोत्याकडे कुणी पाहतही नाही, आणि आपल्या जिल्ह्यात खरी गोम तिथेच आहे.

आपली काळी जमीन बेसाल्टच्या झिजेतून झाली आहे. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणमातीला पाणी मिळालं की ती फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या हिच्यामुळेच. कापसाला ओल धरून देणारा हाच गुण घराच्या मुळावर येतो. घराच्या मध्याखालची माती वर्षभर जवळजवळ सारखी राहते. कडेची मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात खचते. मधला भाग स्थिर आणि कडा वर-खाली, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. अशी भेग प्लास्टरने बुजवायला दोन-तीन हजार लागतात. पुढच्या वर्षी ती तिथेच उघडते.

भेग हलती आहे की जुनीच आहे हे पाहायला एक पेन्सिल पुरते. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा आणि मधली रुंदी पट्टीने मोजून ठेवा. मे आणि सप्टेंबर, दोन्ही मोजमापं सारखी आली तर गवंडी बोलवा. त्यांत फरक पडला, भेग खुणेच्या पुढे गेली किंवा दारं अडकायला लागली, तर गवंड्याचा उपयोग नाही, स्थापत्य अभियंता बोलवा. येऊन पाहून लेखी सल्ला द्यायचे तो दोन-तीन हजार घेईल.

इलाज तसा साधा आहे. कडेच्या मातीला पाणी मिळू द्यायचं नाही. घराभोवती तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली काँक्रीटची पट्टी घाला. ३० बाय ४० फुटांच्या घराचा घेर १४० फूट. कोपरे धरून साधारण साडेचारशे चौरस फूट काम झालं. खाली मुरूम दाबून वर चार इंच काँक्रीट, असं फुटाला सत्तर ते शंभर रुपये धरले तर तीस ते पंचेचाळीस हजार होतात. ही रक्कम मोठी वाटते खरी, पण हा खर्च वर्षागणिक करायचा नसतो. पट्टी आणि भिंत यांच्यामधली फट मात्र दर उन्हाळ्यात भरून घ्यावी लागते.

तोवर फुकटातलं एवढं करा. गच्चीचा पाइप जोत्याशी सुटत असेल तर त्याला पुढे चार-सहा फुटांचा तुकडा जोडा. मोरीचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. टाकी भरून वाहते तेव्हा ते पाणी कुठे पडतं, तेही एकदा पाहून घ्या. तिला तरंगता व्हॉल्व्ह बसवायला तीन-चारशे रुपये लागतात. आणि कूलर. खिडकीत बसवलेला कूलर मार्चपासून जूनपर्यंत त्याच एका जागी ठिबकत असतो. सगळीकडची माती वाळून आकसलेली आणि त्या एका कोपऱ्याखालची फुगलेली, अशी अवस्था होते. भेग नेमकी कूलरच्याच भिंतीला का, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

कूलरचीच दुसरी बाजू

लोखंडी बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवायला दोन ते साडेतीन हजार लागतात. सगळ्या यादीत एकच काम करणार असाल तर गच्ची राहू द्या, हे करा. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. अर्थिंगही तपासून घ्या. काळी माती वाळून आकसली की अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. हा खड्डा जोत्यापासून लांब हवा, हे वेगळं सांगायला नको. नवं अर्थिंग करायला चार-सहा हजार पडतात.

पत्रे आणि माळवद

पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवायची आपली जुनी रीत आहे. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला, परभणीतही भांडी वाजली. तेव्हा शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने पत्र्यावरचे दगड काढून घ्यायचं आवाहन केलं होतं. पुन्हा १० जुलैला तसाच धक्का बसला. दगड अजून आहेत तिथेच आहेत. रबरी वॉशरचा स्क्रू पाच-सात रुपयांना मिळतो. दोन खोल्यांचे पत्रे कसून घ्यायला सामान-मजुरी धरून दोन-तीन हजार पुरतात.

माळवदाचं घर असेल तर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा थर दुरुस्त करणं आणि पन्हळ साफ ठेवणं याला पर्याय नाही. पण दरवर्षी थरावर थर चढवत गेल्याने तुळयांवरचं ओझं वाढत राहतं. जुना थर थोडा उतरवून मगच नवा टाका. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक टोच्याने टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला तर पावसाळ्यात त्या खोलीत झोपू नये.

कधी करायचं

मृगाआधी, असं सगळेच म्हणतात, आणि म्हणून सगळ्यांचंच काम मे महिन्यात निघतं. तेव्हा गवंडी मिळत नाही, पारा कधीकधी ४४ अंशांच्या वर जातो, आणि नव्या सिमेंटला आठवडाभर मारायला पाणी टँकरने विकत घ्यावं लागतं. पाणी कमी पडलं की गिलावा चरचरतो. सिमेंटचं काम फेब्रुवारीत, परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो त्या सुमारास, उरकून घ्यावं. लेप मार्चमध्ये, सकाळी दहाच्या आत. मे महिन्यासाठी फक्त झाडू ठेवावा.

नुकसान झालंच तर

सरकारी मदतीवर भिस्त ठेवू नका. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्रीय निकषांत घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० रुपये आहेत. पक्क्या घराची पडझड अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के असेल तर ६,५०० रुपये, आणि कच्च्या घराला ४,०००. ६,५०० रुपयांत गच्चीवरचा लेपही होत नाही. नुसती ओल आणि पोपडे तर या हिशेबात बसतच नाहीत.

विमा कंपन्यांकडे १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी आहे. पूर, वादळ, भूकंप, आग, वीज पडणं हे तिच्यात येतं. जुनाटपणाने किंवा हळूहळू झालेली झीज येत नाही, आणि दाव्याच्या वेळी वाद होतो तो नेमका यावरूनच. त्यासाठी दरवर्षी मे अखेरीस गच्ची, भिंती आणि जोतं यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि गवंड्याच्या मजुरीची पावती साध्या कागदावर का होईना, सहीनिशी घ्या. तलाठी पंचनाम्याला आला तरी आणि विम्याचा सर्व्हेअर आला तरी घर आधी धड होतं हे दाखवायला हेच कागद लागतात.