संगणकावरच्या सूचना : कोणती अडवावी, कोणती सोडावी



मागील अंकात आपण खोडव्यातील पाचट व्यवस्थापन सविस्तर पाहिले. या अंकात बेणे प्रक्रियेचा विषय घ्यायचे ठरले होते. तथापि गेल्या हंगामात एका गट कार्यालयात जो प्रकार घडला तो पाहता आधी हा विषय उरकलेला बरा, असे आमचे मत झाले. ऊस विकास अधिकाऱ्याने संगणकावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही शेतकी पदविकेचे, संगणकाचे शिक्षण कुठे घेतलेले नाही. जे काही कळलं ते चुकत चुकत कळलं आणि तेवढंच इथे देत आहोत.

घडलं ते असं. एका सभासदाच्या आडसाली उसात सकाळीच टोळी लागली. दुपारपर्यंत मोळ्या बांधून फडात पडल्या. मुकादमाने मोबाईलवरून 'गाडी पाठवा' असा संदेश नेहमीप्रमाणे गट कार्यालयाच्या संगणकावर धाडला. एरवी अशी सूचना आली की पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी उमटते, टुण्ण असा आवाज होतो आणि लिपिक गाडीची व्यवस्था करतो. त्या दिवशी पट्टीही उमटली नाही आणि आवाजही झाला नाही. संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लागलं. ऊस रात्रभर फडात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात. मग तो सभासद हातात वाळलं टिपरं घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. "साहेब, मेसेज केला होता, बघा," म्हणून त्याने मुकादमाचा फोनच आमच्यासमोर धरला. मेसेज गेला होता, वेळही बरोबर होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा हे आपण दरवर्षी सांगतो. तो पडून राहिला की पाणी उडून वजन घटतं, हे नुकसान सभासदाचं. आतल्या साखरेचं रूपांतर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये होऊ लागतं, तिचे दाणे पडत नाहीत आणि उतारा घसरतो, हे नुकसान कारखान्याचं, म्हणजे फिरून सभासदाचंच. एका न वाजलेल्या टुण्णपायी एवढं सगळं झालं.

लिपिकावर रागावण्याआधी आम्ही संगणक उघडून बसलो. त्या दिवशी त्याच कार्यालयात खोडव्याची चित्रफीत दाखवण्याचा कार्यक्रम होता. तो आम्हीच ठेवला होता. चित्र भिंतीवर दिसावे म्हणून संगणकाला प्रोजेक्टर जोडला होता. आता विंडोज ११ मध्ये अशी सोय आहे की पडद्याची नक्कल दुसरीकडे दाखवत असाल, किंवा एखादा प्रोग्रॅम पूर्ण पडदाभर चालू असेल, तर 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप लागू होतं. चारचौघांत खाजगी निरोप भिंतीवर उमटू नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. सूचना नाहीशी होत नाही, उजव्या कोपऱ्यातल्या घंटीच्या चित्रामागे जाऊन गप्प बसते. प्रोजेक्टर काढला तरी ती परत वर येऊन सांगत नाही. घंटी दाबून बघायची असते हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हालाही माहीत नव्हतं.

प्रोग्रॅम म्हटलं की आपल्या सभासदाच्या डोक्यात तोडणी प्रोग्रॅमच येतो. इथे संगणकाचा प्रोग्रॅम म्हणतो आहोत, तो वेगळा. पण एक साम्य आहे. तोडणी प्रोग्रॅममध्ये तुमचं नाव लागलं म्हणजे टोळी लगेच फडात आली असं होत नाही, मध्ये चिटबॉय आहे, मुकादम आहे. तसाच संगणकातला प्रोग्रॅम पडद्यावर स्वतः पट्टी काढत नाही. तो आपला निरोप ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देतो. ती पट्टी कुठे दाखवायची, किती वेळ, आवाज करायचा की नाही, का सरळ बाजूला ठेवायची, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. म्हणून प्रोग्रॅम एकच असला तरी विंडोजवर तो वेगळा वागतो, लिनक्सवर वेगळा आणि मॅकवर आणखी वेगळा. 'आमच्याकडे वाजतं, त्यांच्याकडे वाजत नाही' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

ही पद्धत तशी अलीकडचीच आहे. विंडोज एक्सपीच्या काळात घड्याळाशेजारी पिवळा फुगा यायचा. २०१२ साली विंडोज ८ मध्ये आजच्यासारख्या पट्ट्या आल्या, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये हुकलेल्या सूचना साठवणारा कप्पा आला. मॅकवर स्वतःचा सूचना-कप्पा आला तो २०१२ सालीच, त्याआधी तिथे लोक ग्राउल नावाचा बाहेरचा प्रोग्रॅम वापरीत. लिनक्सचं वैशिष्ट्य असं की तिथे गनोम, केडीई असे निरनिराळे पडदे असले तरी सूचना पाठवण्याची बोली सगळ्यांनी मिळून एक ठरवली आहे. त्या बोलीत निरोपाबरोबर त्याची निकडही सांगता येते : कमी, साधारण आणि अतिनिकडीची. अतिनिकडीची पट्टी आपोआप जाऊ नये, माणसाने हाताने हटवेपर्यंत राहावी असा तिथला संकेत आहे. हा प्रकार आम्हाला फार आवडला. आपल्या एका गट कार्यालयात जुन्या यंत्रावर उबुंटू घातलेलं आहे, तिथे 'नोटिफाय-सेंड' या एका ओळीच्या आज्ञेने आम्ही स्वतः पट्टी उमटवून पाहिली. साधारण निकडीची काही सेकंदांत गेली, अतिनिकडीची चहा पिऊन आलो तरी तशीच होती.

आता कोणत्या सूचनेला आत घ्यायचं हा खरा प्रश्न. याचं उत्तर आम्हाला एकदा रेल्वेत सुचलं. कामानिमित्त पुण्याहून मुंबईला निघालो होतो. लोणावळा-खंडाळा सोडून बोरघाट उतरताना गाडी मध्येच थांबते, ना धड स्टेशन ना फलाट. खिडकीतून पाटी दिसली 'ठाकुरवाडी'. कर्जत-खालापूरकडचा हा डोंगरपट्टा. तिथे पॅसेंजर चढत-उतरत नाही, मग गाडी का थांबते, असं शेजारच्या रेल्वेतल्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी सांगितलं की १८६३ साली सुरू झालेल्या या घाटाचा उतार सदतीसास एक आहे. ब्रेक निकामी होऊन गाडी सुसाट सुटली तर ती अडवायला चढावर जाणारा एक आडमार्ग ठेवलेला असतो. आणि गंमत अशी की सांधा मुळात त्या आडमार्गाकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे असं दिसलं, म्हणजे मग तिच्यासाठी मुख्य मार्ग जोडतात.

संगणकावर बहुतेकांचं नेमकं उलटं असतं. सगळ्यांना मुख्य मार्ग मोकळा, आणि त्रास झाला की मग एकेकाला अडवायचं. त्यापेक्षा सांधा आधीच आडमार्गाला लावून ठेवावा. जो प्रोग्रॅम कामाचा आहे त्याला नाव घेऊन आत सोडावं, बाकीच्यांनी कप्प्यात पडून राहावं.

विंडोज ११ मध्ये हे करायचं तर सेटिंग्ज, त्यात सिस्टीम, त्यात नोटिफिकेशन्स असं जावं. खाली प्रोग्रॅमची यादी दिसते आणि प्रत्येकापुढे चालू-बंदची कळ असते. 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप कधी लागावं याच्या खुणाही तिथेच आहेत. गट कार्यालयाच्या संगणकावर पडद्याची नक्कल आणि पूर्ण पडदा या दोन्ही खुणा काढून टाकाव्यात. किंवा त्याच पानावर 'प्रायॉरिटी'च्या यादीत आपल्या ऊस प्रोग्रॅमचं नाव घालावं, म्हणजे शांततेच्या वेळीही तेवढा आवाज करतो. पट्टी मुळात पाचच सेकंद टिकते. अॅक्सेसिबिलिटीमध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सखाली ही मुदत पाच मिनिटांपर्यंत वाढवता येते. कोपऱ्यात बघत बसायला आपला लिपिक रिकामा नसतो, तेव्हा ही मुदत वाढवलीच पाहिजे. विंडोज १० चा कंपनीचा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला असला तरी काही ठिकाणी ती यंत्रं अजून आहेत. तिथे याच गोष्टीचं नाव 'फोकस असिस्ट' असं आहे.

उबुंटूत सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये अशीच यादी मिळते. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये. तिथे प्रोग्रॅम आधी परवानगी मागतो, आणि घाईत 'नको' म्हटलं गेलं तर पुन्हा विचारत बसत नाही. त्यामुळे ती मागाहून याच पानावर जाऊन द्यावी लागते. पट्टी थोडा वेळ दिसून जावी की हटवेपर्यंत राहावी हेही तिथे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळं ठरवता येतं. मॅक आपल्याकडे थोड्यांकडेच, म्हणून एवढ्यावर थांबतो.

एक प्रकार मात्र सर्व यंत्रांवर सारखाच त्रास देतो, तो ब्राउझरचा. २०२२ साली केंद्राने प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली आणि आता सोसायटीच्या सचिवापुढेही संगणक आला. बाजारभाव किंवा निकाल बघताना एखादी साइट विचारते, 'सूचना पाठवू का?' हो म्हटलं की झालं. मग ती साइट बंद असतानाही कोपऱ्यात लाल पट्टी येते : तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, त्वरित इथे दाबा. माणूस घाबरतो, दाबतो, दिलेल्या नंबरवर फोन करतो आणि खात्यातले पैसे जातात. ती पट्टी संगणकाने दिलेली नसते, तुम्हीच परवानगी दिलेल्या साइटची ती जाहिरात असते. पट्टीवर बारीक अक्षरात साइटचं नाव असतं, ते वाचावं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जाऊन अनोळखी नावं काढून टाकावीत. आम्ही एका ठिकाणी अशी अनेक नावं काढली, त्यात एकही शेतीशी संबंधित नव्हतं. पैसे गेलेच असतील तर लाज न धरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मोबाईलचं थोडक्यात. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नवीन अॅप आधी परवानगी विचारतं. नको असलेली सूचना आली तर तिच्यावर बोट दाबून धरावं, कोणत्या अॅपची आणि कोणत्या प्रकारची ते कळतं आणि तेवढाच प्रकार बंद करता येतो. सगळं अॅप काढून टाकायची गरज नाही. उलट, हवी असलेली सूचना उशिरा येत असेल तर बॅटरी वाचवण्याच्या सोयीने ते अॅप झोपवलेलं असतं, त्याला बॅटरीच्या सेटिंगमध्ये सूट द्यावी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं विजेची पूर्वसूचना देणारं 'दामिनी' अॅप आणि हवामान खात्याच्या सूचना यांना तरी ही सूट द्याच. वळिवाच्या दिवसांत फडात बाया-माणसं असतात.

सरकारी आपत्ती इशारा मात्र या सगळ्याहून वेगळा आहे. तो कोणा एकाच्या नंबरवर येत नाही, त्या भागातल्या टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम येतो आणि मोठ्याने वाजतो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांचे फोन अचानक ओरडले होते, आणि काहींनी त्रास नको म्हणून ती सोय बंद करून टाकली. तसं करू नये. त्यातली एक चाचणी झाली २० जुलै २०२३ रोजी. आदल्याच रात्री, १९ जुलैला, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. ठाकर समाजाची ती वाडी. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. ज्याचं नाव यादीत नाही त्याला निरोप कोण देणार? फोनची सेटिंग नीट करून हा प्रश्न सुटत नाही, हे आम्हाला कळतं. पण आपल्या नोंदवहीकडे आम्ही तेव्हापासून निराळ्या नजरेने पाहू लागलो आहोत.

गट कार्यालयांत आता काय बदललं ते सांगतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना आम्ही सांगितलं की 'वजन झालं', 'चिट निघाली' या सूचना साध्या ठेवा, पट्टी आली काय नि न आली काय. 'गाडी पाठवा' आणि 'ऊस पडून आहे' या दोनच निकडीच्या. सगळंच निकडीचं केलं की काहीच निकडीचं उरत नाही, लिपिक सवयीने हटवत सुटतो. दुसरं, निरोप केवळ पट्टीवर सोडायचा नाही. प्रोग्रॅममध्येच एक यादी ठेवली आहे, 'पाहिले' असं दाबेपर्यंत नाव त्या यादीत लाल राहतं. संगणक कोणताही असो, यादी सारखीच दिसते. अर्ध्या तासात कुणी दाबलं नाही तर शेतकी मदतनिसाच्या मोबाईलवर निरोप जातो. मुलं म्हणाली, हे पहिल्यापासून असायला हवं होतं. खरं आहे. सांगणार कोण, आम्हीच, आणि आम्हाला ते वाळलं टिपरं पाहिल्यावर सुचलं.

तिसरी दुरुस्ती कागदाची आहे. कार्यालय बंद करण्यापूर्वी लिपिकाने घंटी उघडून बघायची आणि लाल नावं वहीत उतरवून सही करायची. ही वही आम्ही गटात आलो की आधी मागतो.

एक काम सभासदांनी करायचं आहे. ऊस नोंदीतले बरेच मोबाईल नंबर जुने आहेत, काही मुलांचे आहेत जी पुण्या-मुंबईला नोकरीला असतात, काही बंद पडलेले आहेत. ज्यांचा नंबर बदलला असेल त्यांनी आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनी शेजाऱ्याच्या संमतीने त्याचा नंबर, गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या चिटबॉयकडे लिहून द्यावा. सोबत नोंदीची पावती आणावी. बेणे प्रक्रियेविषयी पुढील अंकात.

— ऊस विकास अधिकारी