तसबिरी सापडल्या, नावे हरवली

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या माळ्यावर जुन्या प्राध्यापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे फ्रेम केलेले फोटो सापडले. काही काचेला चिकटलेत, बहुतेकांवर नावे नाहीत. काय करावे?
– एक ग्रंथपाल

उत्तर : काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. वरचा जिलेटिनचा थर सुटून काचेवरच राहील आणि चेहरा कायमचा जाईल. तो काचेसकट स्कॅन करा. कडेला निळसर चकाकी दिसली, तर ती बुरशी समजून पुसू नका. ती फोटोतलीच वर आलेली चांदी असते.

सुटे फोटो ६०० डीपीआयवर, टिफ स्वरूपात स्कॅन करा. मूळ प्रती आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवा. पीव्हीसीची पाकिटे आणि सेलोटेप टाळा. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहा. १९७० नंतरच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

नावांचे काम मात्र आजच सुरू करा. वार्षिक अंक, हजेरीपट, सेवापुस्तके तपासा. निवृत्त सहकाऱ्यांना बोलवा, फोटो हातात द्या आणि ‘डावीकडून उजवीकडे’ एकेक नाव टिपून घ्या. कोणी ओळखले, कधी ओळखले, हेही लिहा. समूहचित्रात प्राचार्यांचे नाव असते, मागे उभ्या माणसाखाली नुसते ‘शिपाई’ असते. त्यांचेही पूर्ण नाव शोधा. महाविद्यालय त्यांनीही चालवले आहे.

फोटो कपाटात टिकतील, पण ओळखणारी माणसे थांबणार नाहीत. पहिला फोन आज करा.